जिमी जॉर्ज: पेरावूर ते माँटिकियारी, वरचढ जोडीच्या शोधातली कारकीर्द

रंकाळाकाठ

कोल्हापूरकरांच्या या मंडळात कुस्ती आणि पेठांच्या फुटबॉलवर भरभरून लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. व्हॉलीबॉलचा विषय मात्र क्वचितच निघतो. आपल्या जिल्ह्यात शाळेच्या पटांगणावर किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून, संध्याकाळी दिव्याच्या उजेडात हा खेळ खेळला जात नाही अशी गावे थोडीच असतील. तरीही भारताने घडवलेला सर्वांत मोठा व्हॉलीबॉलपटू कोण, असे तिथे खेळणाऱ्या मुलांना विचारले तर बहुतेकांना नाव सांगता येत नाही. त्यासाठी हा धागा.

जिमी जॉर्ज यांचा जन्म ८ मार्च १९५५ रोजी केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर येथे झाला. डोंगरपायथ्याचे हे लहान गाव. वडील स्वतः विद्यापीठ पातळीवर व्हॉलीबॉल खेळलेले होते आणि मुलांना पहिले धडे त्यांनीच दिले. मुलगे आठ आणि आठही व्हॉलीबॉल खेळणारे. संघात सहा जण लागतात, म्हणजे मैदानावरचा पूर्ण संघ आणि वर दोन राखीव खेळाडू एकाच घरातून उभे राहत होते. पुढे हे भाऊ 'जॉर्ज ब्रदर्स' या नावाने खरोखरच एक संघ म्हणून खेळलेही. आपल्याकडे एकाच घरातले तीन-चार भाऊ एकाच तालमीच्या फुटबॉल संघातून खेळल्याचे आपण पाहतो, त्यामुळे अशा घराची कल्पना करणे आपल्याला जड जाऊ नये.

जिमी यांच्याविषयी जे काही सांगितले जाते, त्यात त्यांच्या उडीचे वर्णन सर्वांत आधी येते. ते उडी घेऊन हवेत क्षणभर थांबल्यासारखे दिसत, समोरचा ब्लॉक (नेटपाशी हात उंचावून चेंडू अडवणारे खेळाडू) खाली उतरू लागला की मग चेंडू मारत, असे त्यांचा खेळ पाहिलेले लोक सांगतात. उडी होतीच, तिच्याबद्दल दुमत नाही. परंतु केवळ उडीच्या बळावर अशी कारकीर्द घडत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखाचा मुद्दाही तोच आहे. गावच्या यात्रेत सगळे फड मारणारा मल्ल तिथेच राहिला तर त्याची वाढ खुंटते. तो कोल्हापुरात गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत येतो, कारण रोज पाडणारी वरचढ जोड त्याला इथे मिळते. जिमी जॉर्ज यांनी आयुष्यभर हेच केले. एका पातळीवर आपण पुरते वरचढ ठरलो, की ते पुढच्या पातळीवर गेले.

हे टप्पे क्रमाने पाहिले तर ही गोष्ट स्पष्ट होते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९७१ साली, ते केरळच्या राज्य संघात आले. १९७३ पासून ते कालिकत विद्यापीठाकडून खेळू लागले आणि त्यांच्या काळात त्या विद्यापीठाने आंतरविद्यापीठ स्पर्धांवर वर्चस्व गाजवले. १९७४ च्या तेहरान आशियाई क्रीडा स्पर्धेत ते भारताकडून उतरले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. १९७६ साली ते केरळ पोलीस दलात दाखल झाले आणि त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांचे वय २१ होते. १९७८ साली ते बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत खेळले.

इथे थोडे थांबून विचार करावा असे वाटते. तेविशीतल्या माणसाच्या हातात सरकारी नोकरी, अर्जुन पुरस्कार, राष्ट्रीय संघातील पक्के स्थान आणि आपल्या राज्यात उदंड कीर्ती, एवढे सगळे होते. त्या काळच्या भारतीय खेळाडूला याहून अधिक मागण्यासारखे काही दिसत नसे. तरीही १९७९ मध्ये त्यांनी अबुधाबीच्या क्लबकडून खेळायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये ते इटलीत ट्रेव्हिसोला गेले. परदेशी क्लबमध्ये व्यावसायिक म्हणून खेळणारा पहिला भारतीय व्हॉलीबॉलपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याआधी आपल्याकडचा कोणी त्या वाटेने गेलेला नव्हता. तिथली भाषा, थंडी, जेवण, करार, यांपैकी कशाविषयीही विचारायला अनुभवी माणूस नव्हता.

मध्ये काही काळ भारतात परतून ते पुन्हा इटलीला गेले आणि अखेरची वर्षे लोम्बार्दी प्रांतातील माँटिकियारी या गावाच्या क्लबकडून खेळले. १९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले, त्या संघात ते होते. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते अवघ्या ३२ वर्षांचे होते.

माँटिकियारीच्या लोकांनी आपल्या गावातल्या बंदिस्त क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले. ते आज पालाजॉर्ज म्हणून ओळखले जाते. पैसे घेऊन खेळायला आलेल्या एका परक्या देशाच्या खेळाडूचे नाव एखादे गाव आपल्या क्रीडागृहाला देते, तेव्हा त्याने तिथे नुसते गुण मिळवून दिलेले नसतात, हे सांगायला नको.

जाणकारांनी भर घालावी.

नेटपाशी

उत्तम लेख. मी शालेय मुलांना व्हॉलीबॉल शिकवतो, त्यामुळे त्या काळच्या खेळाच्या स्वरूपाबद्दल थोडे लिहितो. आजचे सामने पाहणाऱ्यांना जिमी जॉर्ज यांच्या कामाचा आवाका त्याशिवाय नीट कळणार नाही.

पहिली गोष्ट गुणांची. आज प्रत्येक रॅलीला गुण मिळतो आणि सेट २५ गुणांचा असतो. ही पद्धत सर्व सेटना लागू झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. जिमी यांच्या काळात ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळत असे. समोरच्याची सर्व्हिस असताना तुम्ही रॅली जिंकली, तर तुमच्या हाती फक्त सर्व्हिस यायची आणि फलक जागचा हलायचा नाही. सेट १५ गुणांचा असला तरी दोन तुल्यबळ संघांमध्ये तो किती लांबेल याला धरबंध नसे. म्हणजे मुख्य स्मॅशरला, उडी घेऊन चेंडू जोरात खाली मारणाऱ्या खेळाडूला, एका सामन्यात कितीतरी उड्या अशा घ्याव्या लागत की ज्यातून एकही गुण मिळत नसे, फक्त समोरच्याचा गुण थोपवला जात असे.

दुसरी गोष्ट लिबेरोची. वेगळ्या रंगाची जर्सी घालून केवळ मागच्या फळीत खेळणारा हा बचावपटू १९९८ च्या सुमारास खेळात आला. त्यापूर्वी रोटेशनने, म्हणजे खेळाडूंच्या जागा क्रमाने बदलताना, मागे गेलेल्या स्मॅशरला सर्व्हिस उचलणे, पडून चेंडू काढणे ही कामे स्वतःच करावी लागत. केवळ उंच उडी मारणारा आणि हाताखालून चेंडू उचलण्यात कच्चा असणारा खेळाडू त्या काळच्या इटालियन लीगमध्ये टिकू शकला नसता. त्यामुळे उडीपेक्षा कारकीर्द मोठी, हे रंकाळाकाठ यांचे म्हणणे मला तंत्राच्या बाजूनेही पटते.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. आपल्या गावांमध्ये शूटिंगचा व्हॉलीबॉल फार लोकप्रिय आहे. तो एक वेगळा आणि स्वतःच्या ताकदीचा खेळ आहे, त्याचा मला आदर आहे. पण ज्या मुलाला आंतरविद्यापीठ किंवा राज्य संघाकडे जायचे आहे, त्याला पास, लिफ्ट (मारणाऱ्यासाठी चेंडू उंच उचलून देणे) आणि स्मॅश या तीन स्पर्शांचा खेळ लहान वयातच शिकावा लागतो. पुरुषांची नेट २.४३ मीटर उंच असते. तिच्यावरून चेंडू खाली मारायचा तर धावत येण्याची लय, शेवटच्या दोन पावलांतला वेग आणि दोन्ही हातांची फेक एकाच वेळी जुळून यावी लागते. ही लय विशीत शिकायला घेतली तर अंगात मुरत नाही. पेरावूरच्या त्या घरात ती दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या अंगात मुरत होती आणि शिकवणारे वडील स्वतः ती जाणणारे होते.

शाहूपुरी_४

जिमी जॉर्ज यांचे धाकटे बंधू बॉबी जॉर्ज म्हणजे अंजू बॉबी जॉर्ज यांचे पती आणि प्रशिक्षक. अंजू यांनी २००३ साली पॅरिसच्या जागतिक मैदानी स्पर्धेत लांब उडीत कांस्यपदक मिळवले. त्या घरातील खेळ व्हॉलीबॉलपाशी थांबला नाही, हे या धाग्यात नोंदवले जावे.

खासबागचा_प्रेक्षक

हा लेख वाचताना खाशाबा जाधवांची आठवण येणे अपरिहार्य आहे, आणि ही तुलना मी केवळ अभिमानापोटी करत नाही.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. शिक्षणासाठी ते इथल्या राजाराम महाविद्यालयात आले आणि त्यांची कुस्ती इथे फुलली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे कोल्हापुरात सर्वांना माहीत आहे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात गेले. १९८४ साली रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

दोघेही पोलीस दलातले, दोघांचाही मृत्यू अपघातात. परंतु मला यापेक्षा महत्त्वाचा फरक जाणवतो तो पाठबळाचा. जिमी यांच्या वाटेवर घर, विद्यापीठ, पोलीस दल या पायऱ्या एकापाठोपाठ एक होत्या आणि प्रत्येक पायरीवर संघ होता, सामने होते, पुरस्कारही वेळेवर मिळाला. खाशाबांच्या वाटेवर मात्र एका प्राचार्याचे गहाण पडलेले घर होते. केरळने व्हॉलीबॉलसाठी जे केले ते कुणा एका व्यक्तीच्या त्यागावर उभे नव्हते, म्हणून तिथून एकामागून एक खेळाडू येत राहिले. १९८६ च्या सोलच्या संघातच जिमी यांच्याबरोबर के. उदयकुमार आणि सिरिल वल्लूर हे केरळचे आणखी दोन खेळाडू होते.

कोल्हापूरने जागतिक पातळीवर दिलेली अलीकडची नावे पाहा: जलतरणात वीरधवल खाडे, नेमबाजीत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. या सगळ्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण हे सर्व वैयक्तिक खेळ आहेत. सांघिक खेळांत फुटबॉलमधला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तो अपवाद ठळक म्हणावा लागेल. खेळाचे एवढे वेड असलेल्या जिल्ह्यातून व्हॉलीबॉलमध्ये तशी परंपरा का उभी राहिली नाही, यावर इथे चर्चा व्हायला हवी.

करवीर_तालुका

लेखाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक आक्षेप नोंदवतो. जिमी जॉर्ज ऐन उमेदीची वर्षे परदेशात खेळले. तेहरान, बँकॉक आणि सोल या तीन आशियाई स्पर्धांत ते होते. मधली १९८२ ची स्पर्धा आपल्याच राजधानीत, दिल्लीत झाली, तेव्हा मात्र ते संघात नव्हते. देशातला सर्वोत्तम खेळाडू घरच्या आशियाई स्पर्धेत नसणे हे भारतीय व्हॉलीबॉलचे नुकसानच होते. खेळाडूने स्वतःची प्रगती साधावी हे मान्य, पण तो राज्याच्या आणि देशाच्या खर्चाने घडलेला असतो. चांगले खेळाडू बाहेर गेले की इथल्या स्पर्धांचा दर्जा खालावतो, प्रेक्षक कमी होतात आणि मागून येणाऱ्या मुलांना तो खेळ प्रत्यक्ष पाहायलाही मिळत नाही. वरचढ जोडीच्या शोधात सगळेच निघून गेले तर तालीम ओस पडेल, ही बाजूही विचारात घ्यावी.

रंकाळाकाठ

करवीर_तालुका, आपला आक्षेप गंभीर आहे आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे.

दिल्लीत ते नव्हते, ही उणीव मलाही जाणवते. पण हिशेब तिथे थांबवता येत नाही. भारतीय पुरुष संघाची आशियाई स्पर्धांतली पदके एकूण तीन आहेत: १९५८ मध्ये टोकियोत कांस्य, १९६२ मध्ये जकार्तात रौप्य आणि १९८६ मध्ये सोलला कांस्य. म्हणजे जकार्तानंतर चोवीस वर्षे काही हाती लागले नव्हते. पदक आले ते जिमी यांनी इटलीतले हंगाम पचवल्यानंतर. सोलमध्ये चीन आणि यजमान दक्षिण कोरियाच्या मागोमाग आपण तिसरे आलो आणि जपान आपल्या मागे राहिला. हा तोच जपान, ज्याच्या पुरुष संघाने १९७२ साली म्युनिकला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते. या यशाचे श्रेय एकट्या जिमी यांचे नाही. खासबागचा_प्रेक्षक यांनी लिहिलेली नावे तितकीच महत्त्वाची आहेत. परंतु आठवडाभर युरोपातल्या ब्लॉकशी झुंजणारा एक खेळाडू संघात असला, की बाकीच्या पाच जणांची समोरच्या संघाविषयीची भीती कमी होते, असे मला वाटते. सांघिक खेळात याचे मोल फार आहे.

आता पुढचे पाहा. सोलनंतर आपल्याला आजपर्यंत आशियाई पदक मिळालेले नाही. २०२३ च्या हांगचौ स्पर्धेत आपण साखळीत दक्षिण कोरियाला हरवले, हे कौतुकास्पद होते, पण शेवटी सहाव्या स्थानी राहिलो. जपानने मात्र दरम्यान आपले तरुण खेळाडू इटलीला पाठवण्याची वाट धरली. त्यांचा कर्णधार युकी इशिकावा महाविद्यालयात शिकत असतानाच मोडेनाला खेळायला गेला आणि नंतर वर्षानुवर्षे तिथल्याच लीगमध्ये राहिला. जपानच्या पुरुष संघाने नेशन्स लीगमध्ये २०२३ साली कांस्य आणि २०२४ साली रौप्य मिळवले. जिमी यांनी चाळीस वर्षांपूर्वी एकट्याने शोधलेली वाट दुसऱ्या देशाने ठरवून वापरली आणि आपण मात्र ती ओस पाडली. नुकसान त्यांच्या जाण्याने झाले नाही. त्यांच्यामागून दरवर्षी चार-पाच जण गेले नाहीत आणि शिकून परतले नाहीत, नुकसान त्याने झाले.

तालीम ओस पडण्याच्या आपल्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून देशांतर्गत लीग हवीच. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू झाली आहे आणि २०२४ मध्ये कालिकतचा संघ ती जिंकला, हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. ज्या गावात पन्नास वर्षांपूर्वी विद्यापीठाचा संघ गाजत होता, तिथले प्रेक्षक आणि प्रशिक्षक अजून तिथे आहेत.

नेटपाशी

एक पुरवणी. कारकीर्द लांबवण्यामागे शरीर सांभाळण्याचे शिक्षण असते, त्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. व्हॉलीबॉलपटूचा गुडघा वाटीखालच्या शिरेपाशी दुखू लागतो. वारंवार उड्या मारल्याने, त्यातही कठीण जमिनीवर एका पायावर उतरल्याने हे दुखणे वाढते. आपल्याकडची पटांगणे उन्हाळ्यात दगडासारखी होतात आणि नवी मैदाने सरसकट सिमेंटची केली जातात. त्यावर चौदा वर्षांच्या मुलाला रोज तासभर स्मॅश मारायला लावणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. मुलगा दोन वर्षे चमकतो आणि मग गुडघ्याला पट्टा बांधून बसतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला आधी शिकवावे आणि जोरदार उड्यांचा सराव दिवसाआड ठेवावा. मैदान मातीचे असेल तर ते पाणी मारून मऊ राखावे. कुस्तीचा हौदा निगुतीने राखणाऱ्या गावांना हे अवघड नाही.

गडहिंग्लजहून

सर्वांचे मनापासून आभार. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात सेटर (स्मॅशरला चेंडू उचलून देणारी) आहे आणि विभागीय स्पर्धेपर्यंत खेळून आली आहे. तिच्या तोडीचे तालुक्यात कुणी नाही, असे तिचे शिक्षक सांगतात आणि तिला बाहेर पाठवा म्हणतात. घरातल्या ज्येष्ठांचा विरोध आहे, माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. रंकाळाकाठ आणि नेटपाशी, आपण दोघांनी सांगावे, कोणत्या गोष्टी पाहून निर्णय घ्यावा?

नेटपाशी

ताई, सेटर आहे हे ऐकून फार आनंद झाला, कारण आपल्या भागात प्रत्येकाला स्मॅशर व्हायचे असते. केंद्र निवडताना इमारत आणि वसतिगृह नंतर पाहा. आधी सरावाच्या वेळी जाऊन बसा आणि तिथल्या मोठ्या मुली कशा खेळतात ते पाहा. तिच्यापेक्षा चांगली सेटर तिथे असायला हवी, जिच्याकडून ती शिकेल. आणि तिने दिलेला चेंडू मारणाऱ्या उंच मुलीही हव्यात, नाहीतर तिच्या लिफ्टचा वेग वाढणार नाही. महिलांची नेट २.२४ मीटरची असते, ती तिथे मोजून बांधतात की अंदाजाने, एवढ्यावरूनही प्रशिक्षकाचा स्वभाव कळतो. मुलींसाठी महिला प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक आहे का, दुखापत झाली तर कुणाकडे नेतात आणि दहावीचा अभ्यास कोण पाहतो, हे तीन प्रश्न न संकोचता विचारा. नीट उत्तरे मिळाली नाहीत तर परत या.

रंकाळाकाठ

नेटपाशी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. घरातल्या ज्येष्ठांना जिमी यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट जरूर सांगा: त्यांनी एकदम इटली गाठली नाही. गावातून राज्य संघ, मग विद्यापीठ, मग नोकरीचा संघ, मग अबुधाबी आणि त्यानंतर ट्रेव्हिसो, असे अकरा वर्षांत ते एकेक पाऊल पुढे गेले. मुलीचेही पहिले पाऊल कोल्हापूर शहरापुरते असू शकते. शनिवार-रविवार आणि सुटीत इथल्या एखाद्या चांगल्या संघाबरोबर ती सरावाला आली, तर ती वरचढ मुलींमध्ये कशी टिकते हे तुम्हाला आणि तिला दोघींनाही कळेल, शाळाही बुडणार नाही. मे महिन्याच्या सुटीत तिला घेऊन या. कोणत्या मैदानावर कोणत्या वेळी मुलींचा सराव चालतो, त्याची माहिती मी आणि नेटपाशी मिळून याच धाग्यावर देऊ.